पू झालेला सांधा: ऑर्थोच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांसाठी

इंदूरला ऑर्थोची रेसिडेन्सी सुरू होऊन माझे दोन महिने झाले होते. रात्री अकराला रामबागेतलं एक मराठी कुटुंब दीड वर्षाच्या मुलीला घेऊन कॅज्युअल्टीत आलं. आजी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, कालपासून पाय टेकवत नाहीये. लंगोट बदलायला गेलं तरी किंचाळते." ताप होता. एक्स-रेत काही दिसेना, म्हणून सकाळी राउंडला सरांना दाखवू असं ठरवून मी तिला वॉर्डात घेतलं. सकाळी सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसलं, सुई घातली तर दाट पू आला. दुपारी ओटीत सांधा उघडून धुतला. मधले तास माझ्यामुळे गेले.

सुरुवातीला एक्स-रे स्वच्छच असतो, हे तेव्हा वाचलेलं होतं, पण हाताला माहीत नव्हतं. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. त्याच द्रवात पू भरला की जंतूंची आणि त्यांच्यावर धावून आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींची विकरं (एन्झाइम) कूर्चा कुरतडू लागतात. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, विकरं तिथंच राहतात. म्हणून धुवावं लागतं. लहान मुलांच्या खुब्यात तर दाबानं मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो.

तेव्हा मुलाला ताप आहे, पाय टेकवत नाही, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) 40 च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर, असं जुळायला लागलं की सिनियरना रात्रीच उठवा. ते रागावले तर रागावू देत. पेशंट शॉकमध्ये नसेल तर अँटिबायोटिकच्या आधी सुई घाला, पण सेल्युलायटिस (कातडीचा जंतुसंसर्ग) झालेल्या कातडीतून नको. थोडा द्रव जंतू वाढवून बघायला ब्लड कल्चरच्या बाटलीत, थोडा पेशी मोजायला ईडीटीएच्या (गोठू न देणाऱ्या) नळीत. द्रवातल्या पांढऱ्या पेशी 50,000 च्या पुढे गेल्या की संशय पक्का धरा, पण आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघणं) कोरा आला तरीही नाही. मोठ्या माणसाच्या गुडघ्यात गाउटचे (युरिक ॲसिडच्या संधिवाताचे) स्फटिक दिसले तरी सोबत जंतू असू शकतात.

गुडघा बहुधा दुर्बिणीतून धुता येतो, भरपूर सलाईन लागतं. नंतर सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी) उतरत नसेल, सांधा पुन्हा भरत असेल, तर दुसऱ्यांदा धुवायला लाजू नका. दुखणं ओसरलं की सांधा हलवायला लावा.

ती मुलगी आता धावते. तिच्या खुब्याचा एक्स-रे मात्र आम्ही दरवर्षी काढतो, वाढ पूर्ण होईपर्यंत काढणार आहोत.