दोघांची भटकंती आणि चिंचोक्यांचा डाव

सोलापुरात नवरा-बायको एकत्र बाहेर पडतात ते बहुतेक वेळा देवदर्शनासाठी किंवा एखाद्या लग्नकार्यासाठी, आणि त्या गडबडीत एकमेकांशी निवांत चार शब्द बोलायचे राहूनच जातात. महिन्यातला एक दिवस केवळ दोघांसाठी काढण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी आमच्या घरी रुळलेली रीत येथे लिहीत आहे: दोघांनी जवळपास भटकायला जायचे आणि तिथेच चादरीवर चिंचोक्यांचा डाव मांडायचा. तिला लागते ती एक दुचाकी, एक जुनी सोलापुरी चादर, सुई-दोरा, मूठभर चिंचोके आणि भरपूर पाणी.

तयारी आदल्या रात्रीच सुरू करावी, कारण खेळ दोघांनी मिळून तयार करण्यातच निम्मी मजा असते. आम्ही खेळतो तो चल्लस-आठ. काही घरांत त्यालाच अष्टाचंग म्हणतात. चार टपोरे चिंचोके घेऊन ते खडबडीत दगडावर एकाच बाजूने घासावेत आणि तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग सपाट दिसू लागला की थांबावे. घासताना चिंचोका चांगलाच तापतो, आणि लहानपणी भावंडांना त्याचे चटके देण्याचा उद्योग ज्यांनी केला असेल त्यांना तो या वयातही आवरत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक चिंचोका वीसेक वेळा फेकून पाहावा. तो सतत एकाच बाजूवर पडत असेल तर आणखी थोडा घासावा.

पट चादरीवरच शिवावा. खडूने पाच बाय पाच अशी पंचवीस घरे आखून, प्रत्येक घर चार बोटे रुंद ठेवून, रेघांवरून पांढऱ्या दोऱ्याचा सैल धावदोरा घालावा. एकाने माप धरावे आणि दुसऱ्याने टाके घालावेत. चारही कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यभागी फुली काढावी. सोंगट्या मात्र घरून नेऊ नयेत; जिथे जाल तिथलेच चार-चार खडे, एकाचे काळसर आणि दुसऱ्याचे पांढुरके, शोधून घ्यावेत आणि निघताना तिथेच ठेवावेत.

आता जायचे कुठे, हे ऋतूवर ठरते. पावसाळ्यात बोरी नदी भरून वाहू लागली की हैदराबाद रस्त्यावरचा नळदुर्ग गाठावा. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे धबधबे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल पाहताना दोघेही आपोआप गप्प होतात. हिवाळ्यात बार्शी रस्त्यावरच्या नान्नजचा माळ चांगला, कारण माळढोक दिसण्याची आशा आता धरता येत नसली तरी काळविटांचे कळप दिसतात; तिथे आवाज न करता, वनखात्याचे नियम पाळूनच फिरावे. त्याच दिवसांत कोणाच्या शेतात हुरड्याची आगटी पेटली असेल तर तिकडचे आमंत्रण मुळीच टाळू नये.

आमचे आवडते ठिकाण मात्र दक्षिण सोलापुरातले हत्तरसंग कुडल आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे आणि त्याची शेवटची ओळ मराठीत आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा तिचा अर्थ सांगतात. त्या ओळीतले एकेक अक्षर दोघांनी आपापल्या मनाने लावून पाहावे, आणि ज्याला अधिक अक्षरे लागतील त्याने डावाची पहिली फेक घ्यावी. दगडाला हात किंवा खडू लावू नये. जवळच ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. आम्ही ती मुखे मोजण्याचा प्रयत्न तीनदा केला आणि तिन्ही वेळा आमचे आकडे जुळले नाहीत. संगमाच्या पाण्यात मात्र उतरू नये.

मग झाडाखाली चादर पसरून समोरासमोर बसावे. जितके चिंचोके पांढरी बाजू वर घेऊन पडतील तितकी घरे पुढे जायचे; चारही पालथे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडल्यास पुन्हा फेक मिळते. आपल्या बाजूच्या फुलीपासून निघून बाहेरची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतली सुलट दिशेने पूर्ण करत मधले घर गाठायचे असते. समोरच्याची सोंगटी असलेल्या घरात आपली सोंगटी पोहोचली की समोरच्याची मारली जाते, फक्त फुलीवर ती सुरक्षित असते. आणि निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही. हा शेवटचा नियम सोडू नये, कारण प्रेमापोटी एकमेकांची सोंगटी न मारणाऱ्या जोडप्याचा डाव संपतच नाही.

शिदोरीला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा उत्तम. उन्हाने त्यातले काहीच बिघडत नाही. माणसे मात्र बिघडतात. एकदा एप्रिलमध्ये आम्ही सकाळी दहानंतर निघालो, पाण्याची एकच बाटली घेतली आणि परतताना माझ्या यजमानांना भर रस्त्यात घेरी आली; रसवंतीच्या सावलीत तासभर त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले, तेव्हाची भीती मी विसरलेले नाही. त्यामुळे मार्च ते मे या काळात पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी परतावे, माणशी किमान दोन लिटर पाणी न्यावे आणि पाऊण तासाने थांबून गाडी चालवणारा बदलावा. दोघांनाही गाडी चालवता येत नसेल तर आधी एकाने दुसऱ्याला शिकवावी. तीही एक भटकंतीच आहे.

परतल्यावर चादर झटकून उन्हात टाकावी, म्हणजे सुटलेले टाके दिसतात आणि पुढच्या खेपेपूर्वी घालून घेता येतात. चिंचोके कोरड्या डबीत ठेवावेत, नाहीतर ओल लागून त्यांना बुरशी येते.