वर्डमध्ये दुसऱ्या प्रकरणात २.१ ऐवजी १.४ येतो : उपाय

लक्षण : नवीन प्रकरण सुरू केलं तरी उपशीर्षकांचे क्रमांक आधीच्या प्रकरणापासूनच पुढे चालू राहतात. राइट-क्लिक करून ‘रीस्टार्ट ॲट १’ दिलं की तेवढ्यापुरतं जमतं, पण मध्ये एक शीर्षक वाढवलं की पुन्हा गोंधळ. कारण त्याने वेगळी यादीच तयार होते. फॉरमॅट पेंटरनेही काही साधत नाही. डोकं उठतं.

चाललं ते असं. शीर्षकांना हेडिंग १ आणि उपशीर्षकांना हेडिंग २ स्टाइल द्या. सगळी शीर्षकं निवडून कंट्रोल+क्यू दाबा, म्हणजे हाताने लावलेलं नंबरिंग निघतं. (टाइप केलेले आकडे मात्र स्वतःच खोडा.) कर्सर पहिल्या हेडिंग १ वर ठेवा. होम, मल्टिलेव्हल लिस्ट, डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट, मग ‘मोअर’. लेव्हल १ निवडून ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’मध्ये हेडिंग १, लेव्हल २ ला हेडिंग २.

खरी मेख लेव्हल २ मध्ये आहे. क्रमांकाची चौकट रिकामी करा, ‘इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम’मधून लेव्हल १ घ्या, टिंब टाका, मग नंबर स्टाइल निवडा. चौकटीतले दोन्ही आकडे करड्या पार्श्वभूमीवर दिसले पाहिजेत. हाताने टाइप केलेला आकडा कधीच बदलत नाही. ‘रीस्टार्ट लिस्ट आफ्टर लेव्हल १’वर खूण हवी.

शेवटी कंट्रोल+ए, एफ९. अनुक्रमणिकाही अद्ययावत होते.