कोरड्या मुलखात लाकडी होडीची दुरुस्ती

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, तरी होड्या आहेत. पंढरपूरला चंद्रभागेतून भाविकांना विष्णुपद मंदिराकडे आणि पैलतीराला नेणाऱ्या होड्या आहेत, उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीच्या आणि करमाळ्याच्या बाजूने इंदापूरच्या बाजूला माणसे पोहोचवणाऱ्या होड्या आहेत. आता फायबरच्या आणि पत्र्याच्या होड्या वाढल्या आहेत. पण जुन्या सागवानी होड्यांपैकी ज्या उरल्या आहेत, त्यांतील बऱ्याच अजून दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि त्या जळणाच्या भावाने जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते. हे लेखन सोलापुरातील अशा सुतारांसाठी आहे, ज्यांचा हात लाकडावर बसलेला आहे पण ज्यांनी होडी कधी उलगडलेली नाही.

दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराला शिकवण अशी असते की लाकूड पूर्ण सुकलेले घ्यावे आणि सांधा घट्ट बसवावा. होडीच्या कामात नेमकी हीच सवय नडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की सावलीत ठेवलेल्या सागवानातील ओलावाही सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतो. तीच फळी पाण्यात गेली की ठरावीक मर्यादेपर्यंत ओलावा शोषून होईपर्यंत फुगत राहते. त्यापुढे कितीही पाणी प्यायली तरी तिची रुंदी वाढत नाही. १५० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी या प्रवासात, ती ओंडक्यातून कशी कापली आहे त्यानुसार, दोन ते पाच मिलिमीटर रुंद होते. एका बाजूला सहा फळ्या असतील, तर या वाढीची बेरीज करून पाहावी. सुरुवातीच्या काळात मी मे महिन्यात वाळलेल्या एका होडीच्या फटी हातोडीने ठोकून गच्च भरल्या होत्या. होडी पाण्यात गेल्यावर चार दिवसांत फळ्यांनी एकमेकींना इतके रेटले की खिळे उपसले आणि दोन बरगड्या (फळ्यांना आतून आधार देणारी वाकडी लाकडे) उभ्या चिरल्या. चूक भरण्याच्या मालाची नव्हती. लाकडाच्या ओलाव्याचा हिशेब मी केला नव्हता.

दुरुस्तीसाठी होडी आणावी ती मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. उजनीचे पाणी तेव्हा मागे हटलेले असते, चंद्रभागेच्या वाळवंटातही होड्या टेकलेल्या असतात, आणि आषाढी वारीपूर्वी त्या परत पाण्यात जायला हव्या असतात. टेम्पोत चढवताना जुने टायर आणि गोणपाट यांवर होडी ठेवावी, दोर कण्याखालून (तळाच्या मधल्या लांब तुळईखालून) घ्यावा, काठाला बांधू नये. कारखान्यात आणल्यावर ती थेट जमिनीवर ठेवू नये, कारण आपल्या मातीत वाळवी आहे आणि नदीच्या होडीचे तिच्याइतके नुकसान दुसरा कोणताही किडा करत नाही. (समुद्रातल्या होडीला पोखरणारा किडा गोड्या पाण्यात नसतो, आपल्या होडीचे खरे शत्रू म्हणजे आत साचणारे पावसाचे पाणी आणि वाळवी.) कण्याखाली तीन-चार ठिकाणी समान उंचीचे ठोकळे द्यावेत, दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत, आणि मग नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत एक दोरी ताणून कणा सरळ आहे की मधोमध उचलला आहे ते पाहावे. वाकलेल्या कण्यावर नव्या फळ्या चढवल्या तर होडी कायमची वाकडी राहते, म्हणून टेकू हळूहळू हलवत, रोज थोडेसे, आठवडाभर घेऊन तिला सरळ करावे.

तपासणीला दोन साधने पुरतात: लाकडी मोगरी आणि टोच्या. मोगरीने प्रत्येक फळी हातभर अंतरावर ठोकत जावे. धडधाकट लाकूड स्वच्छ, खणखणीत बोलते. कुजलेल्या जागी आवाज भद्द येतो. तेथे टोच्या दाबून पाहावा, आणि तो सहज आत गेला तर ती जागा खडूने आखून ठेवावी. कूज सहसा जेथे दिसते तेथून सुरू झालेली नसते. नाळेला मिळणारी फळ्यांची टोके, बसायच्या पाटांखालची बाजू, बरगडी आणि फळी यांमधील अरुंद जागा, आणि लोखंडी खिळ्यांभोवती काळे पडलेले लाकूड या जागा आधी पाहाव्यात. लोखंड गंजताना भोवतीच्या लाकडाची ताकद जाते, त्यामुळे खिळा ओढून पाहिला आणि तो हातात आला, तर दोष खिळ्यापुरता आहे असे समजू नये. जुना रंग आणि डांबर खरवडून काढताना नाकातोंडाला चांगला मास्क असावा. जुन्या रंगांत शिसे असते, म्हणून कोरडी घासाई टाळून ओलसर करून खरवडावे आणि निघालेला चुरा वेगळा गोळा करावा.

आता खऱ्या कामाकडे वळू. कुजलेल्या जागेपेक्षा वीतभर पुढपर्यंत, चांगले लाकूड लागेपर्यंत फळी कापून काढावी. काढलेली फळी फेकू नये. तिच्यावरूनच नव्या फळीचा नमुना निघतो, आणि ती मोडली असेल तर पातळ प्लायवूडवर आकार उतरवावा. नवी फळी त्याच जातीच्या लाकडाची असावी, म्हणजे दोघी सारख्याच फुगतील. सागवानी होडीत स्वस्त म्हणून हलक्या लाकडाचा एकच तुकडा घातला, तर पहिला पाझर त्याच तुकड्याच्या कडेला दिसतो. तुकडा जुन्या फळीला जोडायचा सांधा सरळ न ठेवता तिरका काढावा. फळी २५ मिलिमीटर जाड असेल तर उतार निदान २०० मिलिमीटर लांब हवा, म्हणजे जाडीच्या आठपट. लगतच्या दोन फळ्यांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नयेत.

बरगड्यांसाठी सोलापूरच्या माळावरची बाभूळ मला सर्वांत आवडते. ती जड आहे, चिवट आहे, आणि तिच्या फांद्या निसर्गतःच वाकलेल्या मिळतात. सरळ तुळईतून वाकडी बरगडी कापली तर वाकाच्या जागी तंतू तुटतात आणि ती तेथेच मोडते. वाकलेल्या फांदीतून कापली तर तंतू वाकासोबत चालतात. म्हणून वखारीत जाताना बरगडीचा प्लायवूडचा नमुना बरोबर न्यावा आणि फांद्यांवर लावून पाहावा. बाभळीत खिळा मारण्यापूर्वी गिरमिटाने खिळ्यापेक्षा थोडे बारीक छिद्र पाडणे अनिवार्य आहे, नाहीतर लाकूड फाटते. खिळे तांब्याचे किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेले घ्यावेत, आत निघालेले टोक वाकवून परत लाकडात बसवावे, आणि एकाच होडीत दोन धातूंची सरमिसळ करू नये.

फटी भरण्यासाठी कापूस लागतो, आणि सोलापुरात सुताचा तुटवडा नाही. पण यंत्रमागाच्या वाया गेलेल्या धाग्यांचा गठ्ठा डोळे झाकून आणू नये. त्यात कृत्रिम धाग्यांची भेसळ असते, आणि तो धागा पाणी पिऊन फुगत नाही. एक धागा पेटवून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. घट्ट पीळ असलेल्या सुतापेक्षा न कातलेला, लांब तंतूंचा पेळू अधिक चांगला. फट आतल्या बाजूला मिटलेली आणि बाहेरच्या बाजूला उघडी असावी. कारखान्यातील ओलाव्यावर २५ मिलिमीटर फळीला बाहेरून सुमारे तीन मिलिमीटर पुरतात. फटीच्या दोन्ही कडांना आधी रंगाचा हात द्यावा, मग कापसाच्या छोट्या छोट्या घड्या बोथट, चपट्या छिन्नीने आणि मोगरीने बसवत जावे. हात हलका ठेवावा. वाळलेल्या होडीत कापूस फटीच्या जेमतेम निम्म्या खोलीपर्यंत आणि सैलसर भरावा. उरलेली जागा लाकूड स्वतः भरून काढणार आहे. वरून खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली मऊ लांबी (फट बुजवण्याचा लगदा) भरावी. दगडासारखी कडक होणारी तयार पुट्टी येथे चालत नाही, कारण फळ्या हलल्या की ती तडकते.

जवसाच्या तेलाबाबत एक इशारा गांभीर्याने घ्यावा. तेलाने भिजलेल्या चिंध्या वाळताना स्वतःच तापतात आणि कोपऱ्यात ढीग पडला तर आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात हा धोका अधिकच वाढतो. काम संपल्यावर प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत बुडवावी किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळवावी.

जुन्या लाकडी होडीवर फायबरचा थर चढवून घ्यावा, असा सल्ला हल्ली फार मिळतो. मी तो देत नाही. फळ्यांची होडी हलत राहते, थर हलत नाही. काही काळाने थर सुटतो, पाणी मध्ये अडकते आणि आतले लाकूड दिसेनासे होऊन कुजते. मुळातच फायबरची असलेली होडी मात्र रेझिन आणि काचेच्या मॅटनेच दुरुस्त करावी. तडा गेलेल्या जागेभोवती जाडीच्या बारापट रुंद उतार घासून घ्यावा आणि एका वेळी पाव किलोहून अधिक रेझिन कालवू नये. चाळीस अंशांत ते काही मिनिटांतच जमते, म्हणून काम पहाटे करावे. हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) आणि कोबाल्ट (ते जमणे वेगाने घडवणारे द्रव्य) हे एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मगच हार्डनर घालावे.

लाकडी होडी रंगवून झाल्यावर तिला घाईने पाण्यात ढकलू नये. आतून-बाहेरून ओली गोणपाटे पांघरून, दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारत, तिला निदान आठ दिवस भिजवावे. होडी काठोकाठ भरून ठेवणे चुकीचे आहे, कारण एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते आणि ते ओझे टेकूंवरील फळ्यांना बाहेर ढकलते. तळाशी चार बोटे पाणी पुरे. फटी मिटत आल्या की जेथे लांबी बाहेर आली असेल तेथे ती सुरीने समतल करावी.

पुन्हा साज चढवताना बसायच्या पाटांखाली हवाबंद डबे बसवण्याचा आग्रह धरावा. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. होडी सुताराच्या हातून जाते, तेव्हा तिच्यात बसणाऱ्यांचा विचार सुतारानेही करायला हवा. २० लिटरचा बंद डबा पाण्याखाली गेल्यावर साधारण १९ किलो वजन उचलून धरतो. असे सहा-आठ डबे पट्ट्यांनी पक्के बांधले, तर पाणी भरलेली होडीही इंजिनासकट तरंगत राहते आणि धरायला आधार मिळतो. डबे दोन्ही बाजूंना आणि काठाच्या जवळ असावेत. सगळे तळाशी बसवले तर भरलेली होडी उलटी होऊ पाहते.

शेवटची परीक्षा कमरेइतक्या पाण्यात घ्यावी. ५० किलोची वाळूची पोती एकेक करून चढवत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि ते हातभर उरले की थांबून त्या पातळीवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची ठळक रेघ ओढावी. पोत्यांची संख्या मालकाला लिहून द्यावी. पहिल्या दोन दिवसांत थोडा पाझर येईल, तो उपसत राहावा. तिसऱ्या दिवशीही पाणी तितकेच येत असेल तर होडी बाहेर काढून, ओली असतानाच, ती एकच फट उघडून पुन्हा भरावी.