टूल लवकर घडवायचंय? आधी व्हीलवरचा कागद वाचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ शिकत होतो तेव्हा अर्ध्या इंचाच्या एचएसएस ब्लँकला, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या कोऱ्या तुकड्याला, कापायच्या टूलचा आकार देण्यात माझा पाऊण तास जायचा. ग्राइंडरसोबत आलेलं करडं व्हील, म्हणजे घासायचं चाक, घासून चकचकीत झालेलं. मी जोर लावायचो, टूल निळं पडायचं, माल काही उतरायचा नाही. व्हील बदललं आणि तेच काम दहा मिनिटांवर आलं.

व्हीलच्या कागदावर समजा 'डब्ल्यूए ४६ के ५ व्ही' असं छापलंय. डब्ल्यूए म्हणजे पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड. एचएसएससाठी हेच घ्या. साध्या लोखंडाला करडं चालतं, कार्बाइडच्या टिपांना हिरवं लागतं. शिरोली, गोकुळ शिरगावकडे फाउंड्र्या पुष्कळ, तेव्हा बिडासाठीचं काळं सिलिकॉन कार्बाइड व्हील सहज हाती लागेल. ते स्टीलवर वापरू नका, त्याचे कण लगेच बोथट होतात.

४६ म्हणजे ग्रिट, कणांचा आकार; आकडा मोठा तितके कण बारीक. आकार काढायला ३६ किंवा ४६, शेवटच्या धारेला ८० ते १२०. ग्राइंडरला दोन बाजू असतातच, एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक बसवा.

खरी गफलत होते ती 'के' या अक्षरापाशी. दुकानात जाऊन आपण "चांगलं कडक व्हील द्या" म्हणतो. पण हे अक्षर कण किती कडक आहेत ते सांगत नाही, बाँडने, म्हणजे कण जोडून ठेवणाऱ्या मसाल्याने, ते किती घट्ट धरलेत ते सांगतं. अक्षर जितकं आधीचं, तितकं व्हील मऊ. टणक स्टीलवर कण लवकर बोथट होतात. मऊ व्हील ते सोडून देतं आणि खालचे नवे, टोकदार कण पुढे येतात. कडक व्हील बोथट कण धरूनच बसतं, मग नुसती उष्णता. म्हणून टणक टूलला मऊ व्हील, एच ते के. ते लवकर झिजतं, पण जळालेल्या टूलपेक्षा हा खर्च मला केव्हाही परवडतो. उरलेला ५ कणांमधली मोकळी जागा सांगतो, व्ही बाँडचा प्रकार.

व्हीलवर लिहिलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते बसवूच नका. बसवण्याआधी व्हील बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोका. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, टाकून द्या. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर हवेत. डावीकडचा नट उलट्या आट्यांचा असतो. टूल रेस्ट आणि व्हीलमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. गार्ड लावून, गॉगल घालून, बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवा.

मग ड्रेसिंग, म्हणजे व्हीलचा पृष्ठभाग खरवडून ताजा करणं. डायमंड ड्रेसर जरा भरभर सरकवा, पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि जास्त कापतो.

घासताना टूल डावी-उजवीकडे हलतं ठेवा. कार्बन स्टीलची छिन्नी वारंवार पाण्यात बुडवा, ती निळी पडली की पाणी, म्हणजे टणकपणा, उतरलंच. तापलेलं एचएसएस मात्र पाण्यात घालू नका, धारेला केसासारख्या चिरा पडतात. ते हवेतच निवू द्या, तोवर दुसरं टूल घ्या.