सम्प केवढा करायचा? आधी करंट गेल्यावरचा हिशोब मांडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणी माशांची चार फुटी टाकी घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला, सम्प (टाकीखाली स्टँडमध्ये ठेवायची फिल्टरची काचेची पेटी) केवढा करू? आणि उत्तर पण ठरलेलंच, टाकीच्या पाव भाग पाणी मावलं की बास. अंदाजाला ठीक आहे हो, पण तेवढ्यावर काच कापायला देऊ नका. आपल्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, आणि सम्प लहान पडला हे कळतं ते नेमकं त्याच वेळी, हॉलभर पाणी झाल्यावर.

होतं काय बघा. पंप चालू असताना टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पमध्ये उतरतं त्या बॉक्सच्या) दातांच्या थोडं वरून वाहत असतं. पंप बंद झाला की दातांवरचं सगळं पाणी खाली येतं, आणि रिटर्नचं नोझल (सम्पमधून पाणी परत वर आणणाऱ्या पाईपचं तोंड) जेवढं बुडलंय तिथपर्यंतचं पाणी सायफन होऊन उलटं येतं ते वेगळंच. आता 4 बाय दीड बाय दीड फुटाची टाकी धरा, काठोकाठ 255 लिटर. तिच्यात एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर. दीड इंच उतरलं तर 21, पाईप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं सहा, झाले 27 लिटर.

सम्प 24 बाय 12 बाय 14 इंचाचा केला तर त्यात 66 लिटर मावतंय, म्हणजे पाव भागाच्या हिशोबात पास. पण चालू असताना त्यात 9 इंच पाणी ठेवलं आणि वरून 27 लिटर आलं की पातळी पावणेसहा इंच चढते, म्हणजे पावणेपंधरा, आणि काच आहे 14 ची. तेच 30 बाय 14 बाय 16 घेतला तर चारच इंच चढते, तेरावर थांबते, वर तीन इंच मोकळे राहतात. मी हाच घ्या म्हणेन.

नोझल पाण्याखाली अर्धा-एक इंचच ठेवा. चार इंच खाली नेलं तर टाकीतूनच 50 लिटरच्या वर खाली येईल, मग कुठलाच सम्प पुरत नाही. सायफन तोडायला पाईपला बारीक भोक पाडतात, पाडा की, पण ते शेवाळानं बुजतंय, त्याच्या भरवशावर राहू नका. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हचं पण तसंच. पंप तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवेल एवढा बास, बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो म्हणून थोडा मोठा घ्यायचा, पण उगाच राक्षसी पंप लावला तर दातांवर पाणी जास्त चढतं आणि बंद झाल्यावर तेवढंच जास्त खाली येतं.

सम्पमधल्या रिटर्नच्या, म्हणजे पंप असतो त्या शेवटच्या कप्प्यात मात्र कंजूषी नको. बाकी कप्प्यांची पातळी मधल्या काचा धरून ठेवतात, त्यामुळे सगळ्या टाकीचं उडालेलं पाणी कमी दिसतं ते फक्त या शेवटच्या कप्प्यात. कप्पा 8 बाय 14 इंचाचा असेल तर त्यात इंचाला 1.8 लिटर, एप्रिलात फॅन लावून दिवसाला तीन लिटर उडालं तर दीड इंचाच्या वर घट. दोन दिवस गावच्या जत्रेला गेलात की पंप हवा ओढायला लागतो. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अप लावा, आणि त्यात बोअरचं जड पाणी नको, पाणी उडतं पण क्षार मागेच राहतात, आरओचं घाला.

मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारा) किती खोल पाण्यात चालतो ते त्याच्या बॉक्सवर वाचून मगच मधल्या काचांची उंची ठरवा, बऱ्याच स्किमरना 7 ते 9 इंच लागतं. गोड्या पाण्याला स्किमर नाही, ती जागा बायो मीडियाला, म्हणजे पाणी साफ करणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्याला द्या. झाडांसाठी सीओटू गॅस सोडलेली प्लांटेड टाकी असेल तर सम्पच्या नादाला लागू नका, पाणी पडताना गॅस उडून जातो.

स्टँड आतून नव्हे, दारातून मोजा. सुतार मधे खांब देतो आणि 30 इंची सम्प आत जातच नाही. लोखंडी स्टँड असेल तर सम्प आधी आत, टाकी नंतर. सम्पच्या वर सात-आठ इंच मोकळं पाहिजे, नाहीतर सॉक (गाळणीची पिशवी) काढताना हात अडकतो.

मासे सोडायच्या आधी सगळं भरून पंप चालू करा, सम्पवर मार्करनं रेघ मारा, मग प्लग सरळ उपटा आणि पाणी कुठं थांबतंय तिथं दुसरी रेघ मारा. ती काठापासून दोन इंच तरी खाली पाहिजे. नसेल तर सम्पमधलं पाणी काढून पहिली रेघ खाली घ्या, आणि पुढं टॉप-अप करताना चालू पंपात त्या रेघेच्या वर एक तांब्या पण घालू नका.