माटोळीच्या फोटोंसाठी फोल्डरांचं झाड: पायथनने कसं उभारावं, त्याची प्रत कशी काढावी

दर चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही चार-पाच जण गोव्यातल्या घरोघरच्या माटोळ्यांचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या, फळं बांधलेल्या लाकडी चौकटींचे, फोटो गोळा करतो. कोणी सत्तरीतून पाठवतो, कोणी काणकोणातून. कांगलां, कवंडाळ, तोरिंगां, सुपारीची शिपटी. कुठल्या फळाला कुठल्या गावात काय म्हणतात त्याच्या नोंदी. जाणत्यांच्या तोंडून रेकॉर्ड केलेली माहिती. सगळं डिचोलीत माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडतं. तालुके १२, प्रत्येकात ‘फोटो’, ‘नोंदी’ आणि ‘आवाज’ असे तीन कप्पे, म्हणजे तालुक्यांचे १२ धरून एकूण ४८ फोल्डर. पहिल्या वर्षी मी ते माउसने एकेक करून बनवले आणि केप्याच्या पोटात सांगे घालून बसलो. तेव्हापासून हे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे आहे.

इथे आदेश उच्चाराप्रमाणे दिले आहेत; टाइप करताना ते इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायचे. ‘पाथ’, ‘ट्रू’ आणि ‘एरर’ यांचं पहिलं अक्षर मात्र मोठं (पायरी ३ मधल्या ‘ओएस.पाथ’मधला ‘पाथ’ तेवढा छोटाच). तुम्ही स्वतः ठेवलेली नावं, म्हणजे ‘तालुका’, ‘कप्पा’ वगैरे, देवनागरीत राहिली तरी पायथन ३ कुरकुरत नाही. पायथन ३.८ किंवा त्यापुढचा असावा. कारण खाली येईलच.

पायरी १: झाड उभं करा

‘ओएस.एमकेडिर’ हा जुना आदेश एका वेळी एकच पातळी करतो. ‘माटोळी’ नावाचा फोल्डरच नसेल तर त्याच्या आत ‘२०२५’ करायला तो तयार होत नाही, फाइल सापडली नाही म्हणून थांबतो. मधल्या सगळ्या पातळ्या एका दमात करायला ‘ओएस.मेकडिर्स’ आहे. मी मात्र ‘पाथलिब’ वापरतो. २०१४ साली पायथन ३.४ बरोबर ते आलं, आणि त्यात पत्ता जोडायला नुसती तिरपी रेघ पुरते:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
मूळ = पाथ("डी:/माटोळी/२०२५")
फॉर तालुका इन तालुके:
    फॉर कप्पा इन ["फोटो", "नोंदी", "आवाज"]:
        (मूळ / तालुका / कप्पा).एमकेडिर(पेरेंट्स=ट्रू, एक्झिस्ट_ओके=ट्रू)

याच्या आधी ‘तालुके’ ही यादी लिहून घ्या: पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा. ‘पेरेंट्स’ मधल्या पातळ्या बनवतो. ‘एक्झिस्ट_ओके’मुळे फोल्डर आधीच असला तरी तक्रार येत नाही आणि आतल्या फाइलींना धक्काही लागत नाही. त्यामुळे हा प्रोग्राम दहा वेळा चालवला तरी हरकत नाही.

पायरी २: पत्ता लिहिताना सांभाळा

इथे मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तेव्हा फोल्डरांची नावं इंग्रजी लिपीत होती आणि पत्ता विंडोजच्या सवयीप्रमाणे उलट्या तिरप्या रेघेने लिहिला होता. पेडणे झालं, सत्तरी झालं, काणकोणही झालं. बार्देश, तिसवाडी आणि फोंडा काही केल्या होईनात. नाव चुकीचं आहे, हाच एरर परत परत. तालुक्यांचं स्पेलिंग मी तीनदा तपासलं. दोष स्पेलिंगचा नव्हताच. अवतरणचिन्हांत उलट्या रेघेपुढे छोटा ‘टी’ आला की पायथन त्याचा टॅब समजतो, ‘बी’ आला की बॅकस्पेस आणि ‘एफ’ आला की फॉर्म फीड, म्हणजे पूर्वी प्रिंटरला नवं पान घ्यायला सांगणारं चिन्ह. बारापैकी नेमके तीन तालुके या अक्षरांचे निघाले. विंडोजला अशी अदृश्य चिन्हं नावात चालत नाहीत, म्हणून तो अडत होता.

उपाय दोन. सरळ तिरपी रेघ वापरा, विंडोजवरचा पायथन ती नीट समजतो. किंवा अवतरणचिन्हाच्या लगेच आधी छोटा ‘आर’ लावा, म्हणजे आतलं सगळं जसंच्या तसं घेतलं जातं. मी पहिला उपाय धरला आहे.

नावं देवनागरीत ठेवायला हरकत नाही, फक्त लांबण लावू नका. लिनक्सच्या नेहमीच्या ‘एक्स्ट४’ पद्धतीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, मात्रा ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘माटोळी’ म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. एकूण ८५ चिन्हं मिळतात; फाइलच्या नावातच घरमालकाचं नाव, वाडा आणि फळांची यादी लिहिणारे आमच्यात आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

पायरी ३: गेल्या वर्षाचा नुसता सांगाडा उचला

वर्षभरात तालुक्यांच्या आत गावांचे, वाड्यांचे फोल्डर वाढत जातात. पुढच्या चवथीला तीच रचना हवी असते, फोटो मात्र नकोत. तेव्हा पायरी १ च्या ऐवजी ही पायरी. माटोळीची लाकडी चौकट तीच राहते, फळं नवी बांधतात, तसंच. ‘शटिल’ या मॉड्यूलमधला ‘कॉपीट्री’ (आधी ‘इम्पोर्ट ओएस, शटिल’ लिहा) झाडाची प्रत काढतो. काय वगळायचं ते ‘इग्नोर’मधून सांगता येतं. त्याला एक फंक्शन द्यायचं. प्रत्येक फोल्डरात शिरताना पायथन त्या फंक्शनला जागा आणि आतली नावं देतो, आणि नको असलेल्या नावांची यादी परत मागतो. आपण सगळ्या फाइली ‘नको’ म्हणायच्या:

डेफ फक्त_फोल्डर(जागा, नावं):
    रिटर्न [न फॉर न इन नावं इफ नॉट ओएस.पाथ.इजडिर(ओएस.पाथ.जॉइन(जागा, न))]

शटिल.कॉपीट्री("डी:/माटोळी/२०२४", "डी:/माटोळी/२०२५", इग्नोर=फक्त_फोल्डर)

‘२०२५’ आधीच असेल तर हा आदेश थांबतो. थांबू द्या, तो आपल्या भल्यासाठीच थांबतो.

पायरी ४: पूर्ण प्रत, पेन ड्राइव्हवर

फोटोंसकट प्रत हवी असेल तर ‘इग्नोर’ काढून टाका. नुसता कचरा वगळायला ‘शटिल.इग्नोर_पॅटर्न्स’ला ‘थम्ब्स.डीबी’सारखी (विंडोजने आपोआप बनवलेल्या फाइलींची) नावं द्या. ‘कॉपीट्री’ आतून ‘कॉपी२’ वापरतो, त्यामुळे फाइलीत शेवटचा बदल झाल्याची तारीख प्रतीतही टिकते. विंडोजवरची ‘तयार केल्याची’ तारीख मात्र टिकत नाही, ती आजची दिसते. तारखेने फोटो लावणाऱ्यांनी ‘बदल’ची तारीख धरावी.

भाद्रपदात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. प्रत अर्धी राहिली आणि आदेश पुन्हा दिला, तर जागा आधीच आहे म्हणून तो अडतो. त्यासाठी ‘डिर्स_एक्झिस्ट_ओके=ट्रू’ लिहायचं. ही सोय २०१९ मध्ये ३.८ बरोबर आली. पण यात एक मेख आहे: झालेल्या फाइलीही तो नव्याने कॉपी करत बसतो, आणि प्रतीतली फाइल तुम्ही बदलली असेल तर ती मुकाट्याने पुसून जाते.

वेळ वाचवायचा तर ‘कॉपी_फंक्शन’मध्ये आपलं फंक्शन द्या. मूळ फाइल आणि प्रत यांचा आकार सारखा आणि बदलाच्या वेळेत २ सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही, तर सोडून द्यायचं, नाहीतर ‘शटिल.कॉपी२’ला बोलवायचं. २ सेकंदांची सूट यासाठी की ‘फॅट३२’ पेन ड्राइव्ह वेळ तेवढ्याच टप्प्यांनी लिहून ठेवतो. तंतोतंत जुळणी मागितली तर बऱ्याचशा फाइली ‘बदललेल्या’ वाटतात. त्याच ‘फॅट३२’वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, तेव्हा लांब व्हिडिओ आधी बघून घ्या.

प्रतीची जागा मूळ झाडाच्या आत कधीही देऊ नका. कॉपी होता होता प्रतीचीही प्रत निघू लागते आणि पत्ता लांबत जातो.

पायरी ५: मोजा

काही फाइली कॉपी झाल्या नाहीत तर ‘कॉपीट्री’ लगेच सोडून देत नाही. उरलेलं काम करतो आणि शेवटी ‘शटिल.एरर’मध्ये यादी देतो: कुठून, कुठे, का. ती वाचा. मग मूळ आणि प्रत दोन्हींवर ‘लेन(लिस्ट(मूळ.आरग्लोब("*")))’ चालवून आकडे ताडा. पायरी १ नंतर तो ४८ यायला हवा. पूर्ण प्रतीत आकडा थोडा कमी आला तर आधी वगळलेल्या ‘थम्ब्स.डीबी’ मोजा, माझा फरक गेल्या वेळी ७ होता आणि सातही त्याच निघाल्या.