रेटिंग ठरण्याआधी: स्वतःचे अप्रेझल हाती कसे घ्यावे

एप्रिलमध्ये ठरलेली उद्दिष्टे मॅनेजरकडून ईमेलवर मान्य करून घ्यावीत आणि मध्येच काम बदलले, तर उद्दिष्टेही लेखी बदलून घ्यावीत. दर शुक्रवारी दहा मिनिटे काढून पूर्ण झालेल्या कामांची नोंद ठेवावी. वर्षाच्या मध्यात मॅनेजर बदलणार असेल, तर तो जाण्याआधीच त्याचा लेखी अभिप्राय मिळवावा, कारण नव्या माणसाला तुमचे आधीचे काम ठाऊकच नसते.

खरी कसोटी लागते ती स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरताना, आणि मलाही हाच टप्पा दीर्घकाळ जड गेला. ‘आत्मविश्वासाने लिहा’ हा त्यावरचा नेहमीचा सल्ला कुचकामी आहे. पुष्कळ कंपन्यांत रेटिंग तुमच्यासमोर ठरतच नाही; ते आधीच्या बैठकीत ठरते, जिथे सगळे मॅनेजर आपापल्या माणसांची बाजू मांडतात आणि वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्याच असतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्श यांनी रूढ केलेली २०-७०-१० ही विभागणी (कर्मचाऱ्यांचे वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के असे गट) पुढे बदनाम झाली, मायक्रोसॉफ्टने तर सक्तीची वर्गवारी २०१३ मध्ये बंदही केली. तरी बेल कर्व्ह, म्हणजे बहुतेकांना मधली आणि मोजक्यांनाच वरची किंवा खालची श्रेणी देण्याची पद्धत, अनेक ठिकाणी ठाण मांडून आहे. त्यामुळे मॅनेजरला त्या बैठकीत जसेच्या तसे वाचून दाखवता येईल, असेच लिहावे.

‘रिपोर्टिंगची प्रक्रिया सुधारली’ हे वाक्य तिथे क्षणभरही टिकत नाही. ‘महिनाअखेरीचा थकबाकी अहवाल हाताने जुळवायला दोन दिवस लागत, मी तयार केलेल्या साच्यामुळे ऑगस्टपासून तो अर्ध्या दिवसात होतो आणि वसुली विभाग तोच वापरतो’ हे टिकते. अशी तीनच कामे द्यावीत. पंधरा दिलीत, तर मॅनेजर नेमके सर्वांत किरकोळ काम उचलतो. सर्वांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा वेगळा सांगावा, पण दुसऱ्याचे श्रेय लाटू नये, कारण त्याचा मॅनेजरही त्याच बैठकीत बसलेला असतो. उणिवांच्या रकान्यात ‘मी फारच काटेकोर आहे’ छापाची आत्मस्तुती कृपया नको. खरोखर राहून गेलेले एक काम आणि त्यावर सुरू असलेला उपाय एवढे पुरे.

फॉर्म भरण्याच्या महिनाभर आधी मॅनेजरला सरळ विचारावे, “सर, माझी बाजू मांडताना तुम्हाला कुठे अडचण येईल?” हाच प्रश्न रेटिंग जाहीर झाल्यावर विचारून सहसा काही हाती लागत नाही.

निकाल अमान्य असेल, तर प्रतिक्रियेच्या रकान्यात मुद्देसूद नोंद करावी आणि पुढच्या श्रेणीसाठी नेमके काय लागेल, ते त्याच आठवड्यात ईमेलवर मागून घ्यावे.